ओलं वॉर्निश

"पुन्हा उमटलेत!" तिच्या हातातली पिशवी तिथेच गळून पडली.

जेवणाचं जुनं लाकडी टेबल तिने आठवडाभर खपून घासलं होतं, त्याला निळा रंग दिला होता. आता रंग टिकावा म्हणून सकाळी वॉर्निशचा हात मारायचा आणि कामावर निघून जायचं, म्हणजे दिवसभरात निवांत वाळेल, असा बेत होता. पण काल सासूबाईंच्या खोलीकडच्या टोकाला एक पंजा उमटलेला दिसला. तिने तो घासून काढला, सकाळी नवा हात दिला. आज कडेकडेने पंजेच पंजे, पार मध्यापर्यंत. खोल, जोर देऊन दाबलेले.

"मांजर असेल," नवरा म्हणाला.

"पाच लांब बोटांचं?"

नवऱ्याची थट्टा तिथेच आटली. दाराला कुलूप, किल्ल्या फक्त दोघांकडे. आणि आत, पडल्यापासून पलंगाला खिळलेली त्याची आई. कूस बदलायलाही तिला सुनेचा आधार लागायचा.

ती खोलीत गेली. "आई, दिवसा कोणी आलं होतं का?"

"माझ्याकडे कोण येणार गं?"

"काही आवाज वगैरे?"

"तुला उगीच भास होतात." सासूबाईंनी हात चादरीत ओढून घेतले.

"तुम्ही एकट्या असता. माझा जीव थाऱ्यावर नसतो."

"मी काय पळून जातेय?"

नवऱ्याने लगेच कुलूप बदललं. तरी दुसऱ्या दिवशी पंजे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेच.

मग एका सकाळी वॉर्निश लावून तिने नेहमीसारखी हाक दिली, "येते हं, आई!" दार आपटलं आणि आतच राहिली. स्वयंपाकघराच्या दाराआड, एका हातात हातोडी, दुसऱ्यात फोन.

बराच वेळ काहीच नाही. मग सासूबाईंच्या खोलीचं दार करकरलं.

म्हणजे तो आतच होता, त्यांच्याजवळ! तिने हातोडी उगारली.

एक थरथरता हात बाहेर आला, टेबलाच्या कडेवर टेकला. पाठोपाठ सासूबाई आल्या, घामाघूम, स्वतःलाच दरडावत, "रडायचं नाही. चल, आणखी एक पाऊल!"