बटकीचं गाणं

स्वातंत्र्य नवं नवं होतं, म्हणून कोल्हापूरच्या एका स्टुडिओत विकत घेतलेल्या बटकींच्या बंडाचा ऐतिहासिक बोलपट निघाला. पण बंडाच्या गाण्याला आवाजच सापडेना. तीन नामांकित गायिका आल्या आणि साखर पेरून गेल्या. "मालकिणीवर उलटलेली बटीक अशी लाडात गाते होय?" म्हणत संगीतकार नृसिंहपंतांनी डोकं धरलं.

शाहूपुरीतल्या आक्कांना हे कळायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी त्या सुनेला पुढं घालून स्टुडिओत हजर! "त्या मैना ऱ्हाऊ द्या, मास्तर. आमची हौसा रोज जात्यावर गाती, ते ऐका. पडद्यावर नाव मात्र माझं येऊ द्या. जातं बी माझं, सून बी माझीच हाय की!"

हौसानं पदर सावरला, डोळे मिटले आणि ती गायली. तबलजीचा हात जागीच थांबला. नृसिंहपंतांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पोरी, बटकीच्या पोटातली ही आग तुझ्या गळ्यात आली कुठून?"

हौसानं तोंड उघडायच्या आतच आक्कांनी मान ताठ केली. "तिला काय इचारताय? बारा वर्सं माझ्याच हाताखाली तयार झालीया!"