पन्नीतला कोळसा

मोतीराम खाटकाच्या दुकानापुढे मैनाबाई येऊन उभी राहिली तेव्हा दिवस कलला होता आणि आकड्याला बोकडाची एक मांडी तेवढी उरली होती. मोतीरामने मान वर न करताच विचारलं की मॉलचं मटण संपलं का.

गावात गोष्ट लपते थोडीच. मागच्या रविवारी मैनाबाई अकोल्याच्या मोठ्या दुकानातून मटणाचं पाकीट घेऊन आली, ही बातमी ती ऑटोतून उतरायच्या आधीच मोतीरामकडे पोचली होती. तिची सासू होती तेव्हापासून त्या घरचं मटण त्याच्याच ठोकळ्यावरून जायचं. त्याला ते लागलं होतं. त्या थंड पाकिटातला बोकड कधी कापला हे कापणाऱ्यालाही आठवत नसेल, असं तो सुरा घासता घासता बरंच बोलला. मैनाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"त्याले वासच नाही येत, भाऊ," ती एवढंच म्हणाली.

मोतीरामला वाटलं आपण जिंकलो. खुशीत त्याने मटण तोललं, काळ्या प्लास्टिकच्या पन्नीत भरलं आणि सवयीने कलेजीचा एक तुकडा वरून टाकला. टाकल्यावर त्याचा हात थबकला. तो तुकडा किशोरचा असायचा.

किशोर मैनाबाईचा एकुलता एक मुलगा. वऱ्हाडात जन्मूनही त्याला तिखट सोसायचं नाही. लोक रश्श्यावरची तर्री मागून घ्यायचे आणि याच्या नाकाडोळ्यांतून चार घासांतच पाणी. मोतीराम त्याला पुणेकर म्हणायचा. परसाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किशोर याच दुकानातून मटण घेऊन निघाला आणि चिंचेच्या वळणावर त्याच्या गाडीला ट्रकने उडवलं. घरी त्याची बायको सीमा मसाला वाटून वाट बघत बसली होती. तेव्हापासून गावाने त्याला त्या चिंचेवरच बसवून टाकलं. कोणाला तो पांढऱ्या शर्टात दिसला, कोणाला त्याने हाक मारली. मैनाबाईला मात्र तो एकदाही दिसला नव्हता, आणि हेच तिचं मोठं दुःख होतं.

मोतीरामने शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीजवळून कोळशाचा एक खडा उचलला आणि पन्नीत टाकला. तिन्हीसांजेला कच्चं मटण न्यायचं तर पन्नीत कोळसा हवाच. नाहीतर वाटेत जे कोणी असेल ते वासावर मागोमाग घरापर्यंत येतं. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मैनाबाईने पन्नीत हात घातला आणि खडा काढून ओट्यावर ठेवला. मोतीरामला वाटलं, हिला मटण काळं होईल म्हणून नको असेल. त्याने तो कागदात गुंडाळून पुन्हा टाकला. तिने पुन्हा काढला.

"वहिनी, चिंचेखालून जायचं हाय तुमाले."

"म्हणूनच नको."

मॉलचं कोडं मोतीरामला आत्ता उलगडलं. तिथे पन्नीत कोळसा टाकणारं कोणी नव्हतं. मागच्या रविवारी मैनाबाई मुद्दाम चिंचेपाशी ऑटोतून उतरली होती, पाकीट छातीशी धरून दिवे लागेपर्यंत उभी होती. पण ते पाकीट चहूबाजूंनी चिकटवलेलं, बर्फासारखं गार. कोणी आलं नाही. मंडईतला भाव सांगावा तसं ती हे सांगत होती.

"मंगळवारी सीमा तेल्हाऱ्याले चालली," ती म्हणाली. "मीच तिचं दुसरं लगन जमवलं. पोरगी माह्यासाठी किती दिवस बसून राहीन? पण तो तिच्या हातचं न जेवता गेला, भाऊ. एकडाव जेवून घेऊ दे त्याले."

मोतीरामने रस्त्याकडे पाहिलं. चिंच इथून दिसत नव्हती, तरी त्याने आवाज खाली घेतला.

"अन् आला, अन् मंग गेलाच नाही तं?"

"मंग मी आहोच ना घरी."

त्याने ओट्यावरचा खडा उचलून स्वतःच्या खिशात ठेवला. मग नेहमीसारखी गाठ न मारता पन्नी तशीच, उघड्या तोंडाची, तिच्या हातात दिली.

मैनाबाई चिंचेखालून हळूहळू आली. मागे वळून पाहिलं तर मागचं माणूस परत फिरतं म्हणतात, म्हणून तिने पाहिलं नाही. पाय दुखत होते तरी रस्त्याच्या कडेकडेने चालली आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडली.

सीमा पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. बाहेरचं काही घरात येऊ नये म्हणून रोज ती हे करायची. मैनाबाई पाय न धुता तशीच आत गेली. सीमाने पन्नी घेतली आणि नेहमीप्रमाणे आधी कोळसा काढून चुलीत टाकायला हात घातला. कोळसा हाताला लागला नाही. तिने पुन्हा चाचपून पाहिलं. मग सासूकडे पाहिलं, आणि सासूच्या मागे, उघड्या दाराकडे.

पाट्यावर मिरच्या वाटायला काढून ठेवल्या होत्या. सीमा त्यांच्यापाशी जाऊन बसली.

"आई," ती हळूच म्हणाली, "तिखट कमी टाकू ना आज?"