पाचवं माणूस

"पाव तीन. अंडी पाच. केस कापायचे... अगं, पंचवीस डॉलर! तिकडची माणसं खर्चाच्या धास्तीनंच टकली होत असतील."

साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली. साहेब हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. सहा वर्षं ते नवा धंदा सुरू करायच्या बेतात होते, आणि सहा वर्षं रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसत होते. पगार बायको आणायची. ती नर्स होती. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला बोलावलं होतं, राहायला घरही देणार होते. पण घर चार माणसांचं. पाचवं माणूस आलं की मोठं घर, आणि त्याचं भाडं आपलं आपण भरायचं.

घरात माणसं पाच.

पाचवं कोण, ते कुणी बोललं नव्हतं. साहेबांचे वडील ओट्याशी उभे राहून नातवंडांचे डबे भरत होते. चाळीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला होता, आता या घरात करत होते. भाड्याचा आकडा ऐकला तेव्हा त्यांचा हात जरासा थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"मोठं घर घेतलं तर?" नर्सनं विचारलं.

"तुझा अर्धा पगार गेला मग." साहेबांनी आवाज खाली आणला, म्हणजे ओट्यापर्यंत नीट पोचेल इतपतच. "आणि बाबांना तिकडची थंडी सोसायची नाही गं. मी त्यांच्याच भल्याचं बोलतोय."

"एका कागदावर सगळ्यांचं नका लिहू," ती म्हणाली. "वॉर्डात आम्ही पेशंटगणिक कागद ठेवतो. पोटात किती गेलं, बाहेर किती आलं. सगळ्यांचं एकात घातलं तर बिघडलंय कुणाचं, तेच कळत नाही."

साहेबांना हे फारच आवडलं. "बरोब्बर! म्हणजे बाबांनाही दिसेल, आपण काही उगाच नाही म्हणत."

पाच कागद झाले. बाबांच्या कागदावर ब्लडप्रेशरच्या गोळ्या, चष्मा, लोकरीचा कोट. डॉक्टर. खाली पुन्हा डॉक्टर. साहेबांनी अक्षर चांगलं ठळक काढलं.

"आता तुमचा," नर्स पेन्सिल घेत म्हणाली.

"माझं कसलं आलंय! मला लागतंय काय!"

"सिगारेट?"

"दिवसाला दोन."

तिनं पेन्सिल कागदावर टेकवलीच नाही.

"बरं बाई, पाकीट लिही."

"इस्त्री?"

"तिकडे लाँड्री असते. आणि गाडी धर. धंद्याच्या माणसांना भेटायला मी काय बसनं लोंबकळत जाऊ?"

तिनं गाडी लिहिली. "मी ड्यूटीवर गेले की मुलांकडे कोण बघणार?"

"बाई ठेवू. तासाचे अठरा घेतात."

"तुम्ही घरी असाल ना?"

"अगं, पोरं सांभाळायला मी परदेशात जातोय का?"

"नाही," ती म्हणाली. "मग बाई कुणाच्या कागदावर लिहू?"

"कुणाच्याही लिही! काय डोकं खातेस!"

तिनं पाचही कागदांची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "बघते बेरीज करून."

साहेबांनी बेरजेची वाट पाहिली नाही. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात खाट सांगून आले.

"हवा छान आहे बाबा तिथं. टीव्ही आहे. तुमच्या वयाची माणसं आहेत बोलायला."

"माझ्या वयाची माणसं भारी कंटाळवाणी असतात रे. दिवसभर पोटाच्या तक्रारी सांगतात."

"मग नका बोलू त्यांच्याशी."

म्हातारा हसला. "स्वयंपाक करू देतील का?"

"अहो, तिथं आयतं मिळतं!"

"म्हणजे नाही," म्हातारा म्हणाला, आणि भांडी विसळायला लागला.

कागदपत्रांचा साहेबांना मनस्वी कंटाळा. रांगा, शिक्के, फोटो, सगळं नर्सनंच केलं. तिनं पुढे केलेल्या मुलांच्या एका कागदावर साहेबांनी चहा पिता पिता सही ठोकली, बशी बाजूला करायचेही कष्ट घेतले नाहीत. सासऱ्यांना मात्र तिनं चांगलंच फिरवलं. फोटो काढले, छाती तपासून घेतली, चार ठिकाणी सह्या घेतल्या.

"कँटीनला लागताना एवढी चौकशी झाली नव्हती," म्हातारा म्हणाला. "एका खाटेपायी?"

"हल्ली असंच असतं बाबा. हं, इथं करा सही."

निघायच्या दिवशी टॅक्सीत सगळे दाटीवाटीनं बसले. वृद्धाश्रम विमानतळाच्या वाटेवरच होता, पण मुलं आजोबांचा हात सोडेनात.

"विमानतळापर्यंत येऊ दे त्यांना," नर्स म्हणाली.

"रडारडी होईल तिथं," साहेब कुरकुरले. "परत एकट्यानं यावं लागेल टॅक्सीतून."

"येतील की. टॅक्सीवाल्याला सांगून ठेवते मी."

वृद्धाश्रमाची पाटी मागे गेली. म्हाताऱ्यानं मान वळवून ती नीट बघून घेतली. मग लेकाच्या खांद्याला हात लावला. "धाकटी दुधावर साय आली की पीत नाही. गाळून देत जा."

"बाई बघेल ते," साहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले.

म्हाताऱ्यानं हात काढून घेतला आणि धाकटीच्या स्वेटरची बटणं लावली.

विमानतळावर साहेब सगळ्यांच्या पुढे. नवा कोट, भांग चापून बसवलेला. नर्सनं चार पासपोर्ट काउंटरवर ठेवले. काउंटरवरच्या मुलीनं एकेक उघडला, फोटो बघितला, समोरचे चेहरे बघितले. पुन्हा फोटो बघितला.

"सर, तुम्ही जरा बाजूला उभे राहता का?" ती हसून म्हणाली. "तुमच्या मागे ते आजोबा आहेत ना, त्यांना पुढे येऊ द्या."