दाराखालचा गार वारा

दाराशी टाकलेल्या बाकावर तीन नर्स डबा खात बसल्या होत्या. त्यांतल्या धाकटीनं लांबूनच हाक मारली, "दादा, इकडे! अगं, हाच माझा भाऊ. या हॉस्पिटलच्या एसीचं सगळं डिझाइन यानंच केलंय."

"म्हणजे आम्ही उन्हाळ्यात जिवंत राहतो ते यांच्या कृपेनं म्हणायचं," शेजारची म्हणाली.

दादा खूश. स्तुती कुणाला नको असते? बाकामागच्या दारावर पाटी होती, 'क्षयरोग – विशेष खोली'. बहिणीच्या मैत्रिणींसमोर जरा भाव खावा म्हणून त्यानं खिशातून टिश्यू पेपर काढला आणि त्याची बारीक पट्टी फाडली. "गंमत बघा. या खोलीत हवा बाहेरून आत जाते, आतली बाहेर येतच नाही. पेशंट कितीही खोकू दे. ही पट्टी आता आत ओढली जाणार."

त्यानं वाकून पट्टी दाराखालच्या फटीशी धरली. पट्टी उलटी, त्याच्याच तोंडाकडे फडफडली.

पुन्हा धरली. तेच.

त्याला एकदम आठवलं. ऑपरेशन थिएटरचा आराखडा! तिथं जंतू आत शिरू नयेत म्हणून हवा मुद्दाम बाहेर ढकलतात. कामाच्या घाईत त्यानं तोच उचलून या खोलीला डकवला होता. खोलीचं नाव बदललं, पंख्यांचे आकडे तसेच राहिले. गाढवपणा, शुद्ध गाढवपणा. आणि खाली सही त्याचीच.

तो ताडकन उभा राहून ओरडला, "उठा! उठा म्हणतो ना! इथं कशाला बसता?"

"अरे, अंगावर काय येतोस?" बहीण म्हणाली. "फटीतून मस्त गार वारा येतो. सहा महिने झाले, रोज इथंच जेवतो आम्ही चौघी."

"चौथी कुठंय?"

बहिणीनं चमच्यानं दाराकडे खूण केली. "आत. आमची मोठी सिस्टर. मागच्या आठवड्यात तिचा रिपोर्ट आला."

दाराच्या काचेआड पलंगावर बसलेली बाई गडबड ऐकून उठली. काचेजवळ आली, त्याचा पांढराफटक चेहरा बघून हसली.

"एवढं मनाला लावून घेऊ नका हो दादा," ती आतून म्हणाली. "माझीच चूक. मास्क सैल बांधला असणार मी."