पन्नास पटीची दुर्बीण

धनराजने दुर्बिणीला डोळा लावला आणि दुकानाच्या दारातून द्वारका चौकापलीकडे उभी असलेली बस पाहिली. पाटीवरचं एक 'व' एवढं मोठं दिसत होतं, की काचेत दुसरं काही मावतच नव्हतं.

"पन्नास पट," दुकानदार म्हणाला.

"हीच रायफलीवर बसवा."

सोबत सहादू होता. फौजेतून हवालदार म्हणून सुटलेला, वणीकडचा. आता नेमबाजी क्लबचं मैदान सांभाळायचा. त्यानेही डोळा लावून पाहिला. "अक्षर झ्याक दिसतंय, शेठ. पण बस कुठली हाय ते नाय कळत."

"मला बसमध्ये बसायचंय का?"

दुकानदार हसला, कारण गिऱ्हाईक मोठं होतं. सहादूने पंचवीस पटीची सुचवून पाहिली. क्लीनरने ट्रकच्या मालकाला धंदा शिकवावा, तसं धनराजने त्याच्याकडे पाहिलं. धनराजचे स्वतःचे अकरा ट्रक होते, त्यामुळे हे बघणं त्याच्या सवयीचं होतं.

राज्य स्पर्धेच्या संघात एक जागा उरली होती. तिच्यासाठी वर्षभराच्या गुणांत दोघं बरोबरीत होती: धनराज, आणि नाशिकरोडच्या शाळेत गणित शिकवणारी अंजली. तिची रायफल क्लबची, दुर्बीण कुणाचीतरी जुनी, बारा पटीची, कडेला चिकटपट्टी. तीनशे मीटरवरच्या निशाणाच्या कागदातली भोकंही तिला त्यातून दिसत नसत. बाई गोळी झाडते आणि देवाला विचारते कुठे गेली, असं धनराज चारचौघांत सांगायचा. तिच्याशी बरोबरी झाली हेच त्याला अपमानाचं वाटत होतं. सासुरवाडीला निवडीची बातमी आधीच देऊन झाली होती. अभिनंदनाचा फ्लेक्सही छापून गोडाऊनमध्ये तयार होता.

महिनाभर तो पहाटे देवळाली कॅम्पच्या पुढे, क्लबच्या मैदानावर जात राहिला. एकटाच. मास्तरणीच्या शेजारी पालथं पडून सराव करणं त्याला कमीपणाचं वाटे. सहादू त्याच्यासाठी एकच कागद टांगायचा. त्या दुर्बिणीतून धनराज खरोखरच सुरेख मारत होता. सहादूनेही ते मान्य केलं, आणि मान्य करताना डोकं खाजवलं.

निवडीच्या रविवारी सहा कागद ओळीने टांगले होते. धनराजला चार नंबर आला, अंजलीला पाच.

"मॅडम, तुमची भोकं मी वाचून दाखवू का? तुम्हाला काही दिसायची नाहीत."

"चालेल, काका," अंजली म्हणाली.

धनराज बेचाळीसचा होता. तो पालथा पडला, रायफल खांद्याला लावली, जरा इकडेतिकडे सरकवली. काचेत काळं वर्तुळ आलं, कडेपासून कडेपर्यंत भरून. राग गोळीत उतरवायचा असतो, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पहिली मधोमध. दुसरी तिला चिकटून. दहापैकी नऊ अगदी केंद्रात, एक केसभर बाहेर. शंभरातले नव्याण्णव, क्लबात एवढे कुणी केले नव्हते. शेवटच्या गोळीनंतर त्याने श्वास सोडला आणि काचेवर झाकण लावलं.

अंजलीने अजून एकही झाडली नव्हती. वारा थांबायची वाट बघत होती म्हणे. धनराज शेडमध्ये खुर्चीवर बसला, चहा मागवला आणि तिचं चाचपडणं मजेत बघत राहिला. मग एकेक करत तिने दहा झाडल्या. दर गोळीनंतर ती डोळे बारीक करून समोर बघायची आणि तिला काहीच दिसायचं नाही. धनराजला तिची जवळजवळ दया आली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आपण पाहुणे म्हणून जाऊ, असंही त्याने मनात ठरवलं.

परीक्षक कागद तपासत बराच वेळ उभे राहिले. मग सहादू आला आणि त्याने धनराजच्या हातात एक घडी दिली. धनराजने ती उलगडली. कोरी.

"अरे, नवा कागद काय आणलास? माझा आण."

"तुमचाच हाय, शेठ. चार नंबर," सहादू म्हणाला. "बाईंच्या पाचवर वीस भोकं हायेत. गोळ्या सगळ्या एकाच मापाच्या, कुठली कुणाची ते सांगता येत नाय. मग नियमानं त्यातली सगळ्यात चांगली दहा, ज्याचा कागद त्याची. बाईंचे नव्याण्णव झाले."