बेकायदा पाचर

मोडक्यातोडक्याची दुरुस्ती करून पोट भरावं म्हणून जोतीराम कुंभारीहून सोलापुरात आला, पण परवान्याशिवाय हातोडीला हात लावायचा नाही, असा कचेरीचा नियम होता. परवाने देणारे वेणीमाधवराव, बापाची जहागीर वाटत असल्याच्या थाटात म्हणाले, "आधी तुझा हात बघू दे. या खुर्चीचा पाय डुगडुगतोय." जोतीरामने पायात पाचर ठोकली. पुढच्या खेपेला कचेरीचं गळकं माळवद लिंपलं, मग रावसाहेबांच्या घरच्या विहिरीचा रहाट बसवून दिला. दर खेपेला रावसाहेब जांभई देत म्हणायचे, "बघू."

शेवटी त्याच खुर्चीत ऐसपैस रेलून त्यांनी निकाल सांगितला. "परवाना नामंजूर. तू विनापरवाना कामं केलीस, मी स्वतः साक्षीदार आहे. इंग्रज सरकारात असला बेकायदा कारभार खपत नाही!"

जोतीरामने त्यांना पायापासून पगडीपर्यंत न्याहाळलं.



"व्हय की रावसाहेब, मग बेकायदा काम हितं ठिवून कसं चालंल?" असं म्हणत तो खाली वाकला आणि हातोडीच्या एका टोल्यात खुर्चीची पाचर उडवली.