तडजोडीची अट

“समाधान राजीखुशीथी कर्युं छे ने?” मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

“हो साहेब, राजीखुशीनं,” श्रीपतराव म्हणाले. त्यांच्या कपाळावरची पट्टी अजून निघाली नव्हती. “आमची आपसात तडजोड झाली आहे. मला फिर्याद चालवायची नाही.”

साहेबांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे मान वळवली. “अटी तुम्हांला मान्य आहेत?”

पिंजऱ्यात बळवंतराव उभे होते. आजोबा शिलेदार, स्वतः महाराजांच्या पागेत हुद्द्यावर. अट काय आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. तडजोड ठरवली होती त्यांच्या बायकोने, एकटीने, श्रीपतरावांच्या घरी जाऊन. पण भरल्या कोर्टात हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

“मान्य आहेत,” ते म्हणाले आणि सुटले.

श्रीपतराव त्यांचे शेजारी. सरकारी वाचनालयात कामाला. बायकांनीही वाचावं असा महाराजांचा हुकूमच होता, म्हणून ते गंगाबाईंना पुस्तकं आणून देत. बळवंतरावांची त्याला कधी हरकत नव्हती. हरकत घ्यायला ते घरी असायला हवे होते. पागेतून आले की कपडे बदलून, अत्तर लावून ते टांग्यात बसत आणि लहरीपुऱ्यात मैनाच्या बैठकीला जात. चार मित्र जमत, गाणं होई, विडे होत. शिलेदाराच्या घरी एवढं चालायचंच, असं त्यांचं मत होतं. घरातल्यांचं मत त्यांनी विचारलं नव्हतं.

एके दिवशी ते भरदुपारी घरी आले. दारात गंगाबाई हातात पुस्तक घेऊन उभ्या होत्या, समोर श्रीपतराव काहीतरी सांगत होते, आणि गंगाबाई हसत होत्या. अगदी मोकळं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपली बायको अशी हसते हे बळवंतरावांना ठाऊक नव्हतं. ते हसू परक्याच्या वाट्याला गेलेलं पाहून त्यांचं डोकं फिरलं. हातात वेताची छडी होतीच.

शिक्षा झाली असती तर पागेतली नोकरी गेली असती. माफी मागा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते म्हणाले, त्यापेक्षा तुरुंगात जाईन. पण त्या दिवसापासून बायकोवर नजर ठेवायला ते संध्याकाळी घरीच बसू लागले. पागा ते घर, घर ते पागा. शेवटी गंगाबाईच पदर सावरून शेजारी गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या.

“ते फिर्याद मागे घेतील.”

“फुकट? तू काय कबूल केलंस?”

“ते तुम्हांला सांगायचं नाही, हीच अट आहे.”

खटला मिटला, पण बळवंतरावांच्या मनातला खटला तेव्हा कुठे उभा राहिला. संध्याकाळी टांगेवाला दाराशी येई. “साहेब, आवो छो ने?”

“आज नाही,” ते हिंचक्यावर झोके घेतच सांगत. काही दिवसांनी तो यायचा बंद झाला. मैनाकडून निरोप आला, त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. त्यांचे डोळे आता शेजारच्या दाराला चिकटले होते.

गंगाबाईंनी केसांत गजरा माळला की ते लगेच विचारत,

“आज गजरा कुणासाठी?”

“घरात दुसरं कोण आहे?” त्या म्हणत आणि गरम पोळी वाढत.

बळवंतरावांनी पुस्तकं स्वतःच आणायला सुरुवात केली. त्यात असं आहे तरी काय, हे पाहायला वाचायलाही लागले. “मोठ्यानं वाचा ना,” गंगाबाई म्हणाल्या. मग ते मोठ्याने वाचू लागले. एकदा एका ओळीवर त्या खळखळून हसल्या. बळवंतराव सुखावले, त्यांना ती ओळ पुन्हा वाचावीशी वाटली. लगेच मनात आलं, असंच हसू त्यालाही मिळालंय. त्यांनी पुस्तक मिटलं.

श्रीपतराव तर रस्त्यात भेटले की मान खाली घालत. मनात चोर असल्याशिवाय कोण असं करतं, बळवंतराव म्हणत. त्यांची झोप उडाली, अन्न गोड लागेना. बायको समोर बसलेली असूनही आपली नाही, हे दुखणं ते कुणाला सांगणार होते?

आणि एक दिवस श्रीपतरावांची अमरेलीला बदली झाली. सामान बैलगाडीवर चढत होतं, तेव्हा बळवंतराव पहिल्यांदाच त्यांच्या दारात गेले.

“श्रीपतराव, मी हात उचलला, माझं चुकलं. माफी मागतो. पण आता तुम्ही चाललात, तर एवढं सांगा. माझ्या बायकोनं तुम्हांला काय कबूल केलं होतं?”

श्रीपतराव गाडीचा दोर बांधता बांधता थांबले. “मला? काहीच नाही. फिर्याद मी तशीही काढून घेणार होतो. रोज तोंड बघायचं, त्यात कोर्टकचेरी कशाला? वहिनी आल्या तेव्हा मी त्यांना म्हणालोसुद्धा, की बळवंतरावांना भेटतो आणि त्यांच्या मनातला संशय काढून टाकतो.”

“मग आला का नाहीत?”

“त्यांनी हात जोडले. शेजार आहे तोवर तुमच्याशी या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही, असा शब्द घेतला. अट माझी नव्हती, त्यांची होती.”

“तिची? ती कशासाठी?”

श्रीपतरावांनी खाली पाहिलं. “म्हणाल्या, ‘तेवढा संशय राहू द्या, भाऊजी. त्याच्यापायी का होईना, ते लहरीपुऱ्याला जायचे थांबलेत.’”